यंत्र लाखांचे, तार कोणाची?

कापडाच्या व्यापारात पहिला धडा मिळतो तो असा की, माल एका गोदामातून निघून दुसऱ्या गोदामात पोहोचेपर्यंत वाटेत जे नुकसान होईल त्याचा धनी आधी ठरवून ठेवावा. गाठ भिजली, फाटली किंवा माल कमी भरला, तर पाठवणारा म्हणतो मी चांगला माल दिला आणि ट्रान्सपोर्टवाला म्हणतो मला असाच मिळाला. मग बिल्टीवर काय लिहिले आहे तेवढेच खरे ठरते. तीस वर्षे मी हा धडा नव्या पोरांना शिकवत आलो आणि एक यंत्र घेताना मात्र स्वतःच तो विसरलो. त्या विसराळूपणाची किंमत मोजून झाली आहे. आपल्या इतर व्यापारी आणि कारखानदार बांधवांना ती मोजावी लागू नये, म्हणून हा लेख.

सोलापुरात माझ्या चुलतभावाचे सूत रंगवण्याचे छोटे डाय हाऊस आहे आणि त्यात माझी भागीदारी आहे. चादर आणि टॉवेलच्या सुताला रंग द्यायचा म्हणजे रोज हजारो लिटर गरम पाणी लागते. सुती सुतावर चालणाऱ्या बऱ्याच रिअ‍ॅक्टिव्ह रंगांना ६० अंशांच्या आसपास उष्णता लागते. त्याहून गरम पाण्याचे काम बॉयलर करतोच, पण त्याला आधीच तापलेले पाणी मिळाले तर जळणाची मोठी बचत होते. या विचाराने आम्ही हीट पंप बसवायचे ठरवले.

हीट पंप म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. घरातला फ्रिज आतली उष्णता काढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. हीट पंपचेही तत्त्व तेच. तो बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो. वीज इथे उष्णता निर्माण करण्यासाठी खर्च होत नाही, उष्णता उचलून नेण्यासाठी खर्च होते. म्हणून एक युनिट वीज घालून तीन-साडेतीन युनिटांइतकी उष्णता पदरात पडते. हिशोब सोपा आहे. १०,००० लिटर पाणी २८ अंशांवरून ५८ अंशांवर न्यायला ३ लाख किलोकॅलरी लागतात. एका युनिटात ८६० किलोकॅलरी धरल्या तर साध्या हीटरवर सुमारे ३५० युनिटे जळतात. साडेतीन पट काम देणाऱ्या हीट पंपवर तेच काम १०० युनिटांत होते. रोजची अडीचशे युनिटे वाचत असतील तर कोणत्या व्यापाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटणार नाही?

यंत्राची निवड आम्ही बारकाईने केली. तीन ठिकाणची कोटेशने मागवली, घासाघीस केली, गॅरंटी वाचली, जुन्या गिऱ्हाइकांना फोन केले. यंत्र साडेसहा लाखांना पडले. कोटेशनच्या शेवटी बारीक अक्षरांत एक ओळ होती. वीजजोडणी व कंट्रोल केबल ग्राहकाने करावयाची. त्या ओळीवर आम्ही दोन मिनिटेसुद्धा घालवली नाहीत.

वायरिंगसाठी दोन भाव आले. परवानाधारक ठेकेदाराने ७८,००० सांगितले. आमच्या मागांचे काम वीस वर्षे बघणारे वायरमन चाचा म्हणाले, "शेठ, ४१,००० मध्ये करून देतो. जुनी केबल पडून आहे, ती वापरू." ३७,००० रुपये वाचले म्हणून आम्ही खूश झालो. साडेसहा लाखांच्या यंत्रासाठी तीन कोटेशने मागवणारे आम्ही, ते यंत्र ज्यावर जगणार त्या तारेसाठी मात्र भंगाराच्या कोपऱ्यात गेलो.

पुढे काय झाले ते क्रमाने सांगतो, कारण प्रत्येक पायरीवर एक शिकण्यासारखी गोष्ट आहे.

यंत्र गच्चीवर बसले आणि पॅनेल खाली होते. मधले अंतर सुमारे ६० मीटर. जुनी केबल ४ चौरस मिलिमीटरची, पण अ‍ॅल्युमिनियमची होती. ती शेवटी कमी पडली म्हणून पुढचा तुकडा तांब्याचा जोडला. जोड कसा, तर तारा पिळून वर टेप गुंडाळला. आपल्या धंद्यातल्या माणसाला तारेची जाडी समजताना एक गोंधळ होतो. सुताचा काउंट वाढला की सूत बारीक होते. तारेचे चौरस मिलिमीटर वाढले की तार जाड होते. जुने वायरमन अजून "सात-वीस" अशी भाषा बोलतात. त्याचा अर्थ वीस गेजच्या सात तारा, म्हणजे साधारण साडेचार चौरस मिलिमीटर. पण नुसत्या जाडीने भागत नाही, धातूही बघावा लागतो. अ‍ॅल्युमिनियमची वीज वाहून नेण्याची ताकद तांब्याच्या सुमारे ६० टक्केच असते. म्हणून ४ चौरस मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियम हे अडीच चौरस मिलिमीटर तांब्याच्या बरोबरीचे समजावे.

आमचे यंत्र सुमारे १० किलोवॅट वीज घेणारे, म्हणजे तीन फेजवर साधारण १७ अँपिअर. त्या केबलवर ६० मीटरमध्ये चालू यंत्राला तेरा व्होल्टची तूट येत होती. चालू असताना ती खपून जाते. परंतु कॉम्प्रेसर थेट सुरू होतो त्या क्षणी प्रवाह पाच-सहा पट होतो आणि तूट कितीतरी वाढते. संध्याकाळी आमच्या भागात व्होल्टेज आधीच पडलेले असते. मग कॉन्टॅक्टर धड ओढला जात नाही आणि खडखड करतो. ती खडखड आम्ही दोन महिने ऐकली आणि नव्या यंत्राचा आवाज म्हणून सोडून दिली.

त्यात तांबे आणि अ‍ॅल्युमिनियम यांचा सांधा. हे दोन धातू ओलाव्यात एकमेकांना लागून राहिले की सांधा खराब होत जातो. त्यासाठी दोन धातूंची खास थिंबल मिळते, ती दाबयंत्राने दाबून बसवायची असते. आमच्या सांध्याला फक्त टेप होता. फेब्रुवारीत तो तापू लागला आणि एक फेज मधूनच जाऊ लागली. यंत्रमाग चालवणाऱ्याला सिंगल फेजिंग म्हणजे काय हे सांगायला नको. तीनपैकी एक फेज गेली की मोटर उरलेल्या दोनवर ओढत राहते, तापते आणि जळते. आमच्या यंत्रात यासाठी संरक्षक रिले होता आणि तो इमानाने यंत्र बंद करत होता.

इथे माझी स्वतःची चूक आली. लग्नसराईच्या ऑर्डरी होत्या, सूत अडकले होते, पार्टीचे फोन येत होते. मी चाचांना फोन करून म्हणालो, "काहीही करा, पण पाणी गरम झाले पाहिजे." त्यांनी काहीही केले. रिलेच्या दोन टर्मिनलांना एक तार जोडून त्याला बाजूला काढले. आपल्याकडे याला डायरेक्ट करणे म्हणतात. त्या रात्री पाणी गरम झाले. चौथ्या दिवशी कॉम्प्रेसर जळाला.

विक्रेत्याचा इंजिनिअर आला. त्याने पॅनेल उघडले, ती तार बघितली, फोटो काढला आणि शांतपणे सांगितले की गॅरंटी संपली. मी भांडलो, पण मनात समजत होते की त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटले असते. नवा कॉम्प्रेसर, गॅस आणि मजुरी मिळून १ लाख ६० हजार गेले. १९ दिवस काम अडले, ते वेगळेच.

इंजिनिअरने दुसरी एक गोष्ट दाखवली. यंत्राबरोबर आलेल्या खोक्यात प्लास्टिकच्या पिशवीत एक फ्लो स्विच तसाच पडून होता. पाण्याच्या नळीत पाणी वाहते आहे की नाही हे पाहणारा हा छोटा स्विच असतो. पाणी थांबले तर त्याने यंत्राला थांबवायचे. तो बसवलाच गेला नव्हता. मग यंत्र इतके दिवस चालले कसे? कारण त्या स्विचच्या दोन टर्मिनलांवर कारखान्यातूनच एक छोटी तार लावून आलेली होती. स्विच जोडताना ती काढायची असते. विक्रेत्याचा माणूस समजला की वायरमन काढेल. वायरमन समजला की कंपनीने लावली आहे, म्हणजे तशीच ठेवायची. आमच्या टाकीच्या गाळणीत सुताचे तंतू अडकून पाणी कितीतरी वेळा मंदावले होते आणि यंत्र प्रत्येक वेळी आतल्या दाबाच्या शेवटच्या स्विचवर तगले होते. घराचे पुढचे दार सताड उघडे आणि भिस्त फक्त तिजोरीच्या कुलपावर, तसा प्रकार.

तिसरी गोष्ट सांगताना आजही अंगावर काटा येतो. दुरुस्ती चालू असताना, चाचणीसाठी वीज सोडलेली होती तेव्हा, आमच्याकडे काम करणाऱ्या एका तरुण मुलाचा हात यंत्राच्या पत्र्याला लागला. त्याला झटका बसून तो मागे फेकला गेला. सुदैवाने पायात कोरडी रबरी चप्पल होती. हाताला जखम झाली, जीव वाचला. तपासले तेव्हा कळले की यंत्राचे अर्थिंग पाण्याच्या लोखंडी नळाला बांधले होते. बांधले तेव्हा त्या नळाचा जमिनीशी संबंध होता. मधल्या काळात प्लंबरने गळका नळ कापून तिथे प्लास्टिकचा तुकडा बसवला आणि अर्थिंग हवेत लटकले. प्लंबरला अर्थिंगचे ठाऊक नव्हते, वायरमनला नळाचे ठाऊक नव्हते. मालकाला दोन्ही ठाऊक नव्हते.

आता मुद्द्यावर येतो. या सगळ्यात दोषी कोण? विक्रेत्याचे यंत्र चांगले होते. वायरमन चाचांना त्यांचे काम येते, माग त्यांनी वीस वर्षे चालते ठेवले आहेत. पण हीट पंप म्हणजे माग नव्हे. मागाच्या मोटरला तीन तारा आणि अर्थिंग दिले की ती फिरते. हीट पंपला वीज देणाऱ्या तारांखेरीज बातमी देणाऱ्या ताराही असतात. टाकीतले पाणी किती गरम आहे, पाणी वाहते आहे का, पाण्याचा पंप चालू आहे का, तिन्ही फेज आहेत का, या बातम्या त्या यंत्राला पोहोचवतात. चाचांना या तारांचा नकाशा कोणी दिलाच नव्हता. यंत्राची पुस्तिका इंग्रजीत होती. मी उर्दू शाळेतून शिकलो, चाचा सातवीपर्यंत. पुस्तिका माझ्या टेबलाच्या खणात पडून राहिली.

विक्रेता म्हणतो, माझी जबाबदारी यंत्राच्या टर्मिनलपर्यंत. ठेकेदार म्हणतो, माझी जबाबदारी पॅनेलपर्यंत. प्लंबर म्हणतो, माझी जबाबदारी पाण्यापुरती. या तिघांच्या मधल्या पाच-सात बारीक तारा बिनवारशी राहतात आणि यंत्र मरते ते त्या बिनवारशी तारांमुळे. माझे ठाम मत असे झाले आहे की हीट पंप घेणाऱ्याने यंत्राच्या भावाची घासाघीस करण्याआधी या तारांचा वारस कागदावर लिहून घ्यावा. बिल्टीवर जसे लिहून घेतो तसे.

त्या तारा कोणत्या, हे मालकाला ठाऊक असले पाहिजे. इलेक्ट्रिशियन व्हायची गरज नाही, पण कापड विकणाऱ्याला जसा ताणा-बाणा ओळखता येतो तेवढी ओळख हवी.

पहिली, टाकीच्या तापमानाच्या सेन्सरची तार. सेन्सर टाकीच्या आतल्या नळीत बसवावा, बाहेरून टेपने चिकटवू नये. बाहेर चिकटवला तर तो पाण्याऐवजी पत्र्याची उष्णता सांगतो आणि यंत्र विनाकारण जास्त वेळ चालते. ही तार मोठ्या केबलच्या शेजारून, एकाच पाइपमधून नेऊ नये. जड प्रवाहाचा परिणाम होऊन आकडे उड्या मारतात.

दुसरी, फ्लो स्विचची तार. तिच्याविषयी वर सांगितलेच. ती जोडली आणि मधली तार काढली, हे स्वतः डोळ्यांनी पाहावे.

तिसरी, पाण्याच्या पंपाची. यंत्र सुरू होण्याआधी पंप सुरू व्हावा, यंत्र बंद झाल्यावर थोडा वेळ चालू राहावा, आणि पंप ट्रिप झाला तर यंत्रही थांबावे, अशी जोडणी हवी. आमच्याकडे पंपाचा बटणस्टार्टर वेगळा होता. रात्रपाळीचा माणूस विसरला की पंप बंद आणि यंत्र चालू.

चौथी, फेजच्या रिलेची. एक फेज गेली, व्होल्टेज फार पडले किंवा फेज उलटसुलट झाल्या तर यंत्र थांबले पाहिजे. फेजचा क्रम उलटला की साधी मोटर उलटी फिरते, एवढेच आपल्याला ठाऊक असते. पण अशा यंत्रांत पुष्कळदा स्क्रोल जातीचा कॉम्प्रेसर असतो. तो उलटा फिरला तर गॅस दाबत नाही, आवाज करतो आणि तापतो. महावितरणने खांबावर दुरुस्ती केल्यानंतरही क्रम बदललेला असू शकतो. म्हणून हा रिले कायमचा हवा.

पाचवी, टाकीत आधाराला बसवलेल्या साध्या हीटरची. ही फार फसवी आहे. जोडणी चुकली तर हीटर गुपचूप सगळे काम करतो, पाणी गरम मिळत राहते आणि हीट पंप बंद पडल्याचे कोणाला कळतही नाही. कळते ते महिन्याचे बिल आल्यावर, १०० युनिटांच्या जागी ३५० पाहून. हीटर चालू असल्याचा दिवा दर्शनी पॅनेलवर असावा आणि तो हीट पंपच्या कंट्रोलमधूनच सुरू व्हावा.

यांखेरीज एक टायमर जोडून घ्यावा. हीट पंप हवेतून उष्णता घेतो, म्हणून दुपारच्या गरम हवेत तो पहाटेपेक्षा जास्त काम देतो. टाकी मोठी असेल तर पाणी दुपारी तापवून ठेवावे. सोलापूरचे ऊन आपल्याला फुकट मिळाले आहे, त्याचा एवढा तरी उपयोग करावा.

अर्थिंगविषयी वेगळे सांगतो. तीन फेजच्या स्थिर मोटरच्या सांगाड्याला दोन स्वतंत्र अर्थ जोडण्या असाव्यात, हा नियम आजचा नाही, १९५६ च्या भारतीय वीज नियमांपासूनचा आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० मध्ये सुरक्षेचे नवे नियम आणले आणि २०२३ मध्ये त्यांचीही जागा नव्या नियमांनी घेतली. असे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावे, हेही त्यात आहे. अर्थिंगसाठी आयएस ३०४३ आणि वायरिंगसाठी आयएस ७३२ ही भारतीय मानके आहेत. ठेकेदाराला या दोन क्रमांकांची नावे घेऊन विचारले तरी त्याला कळते की मालक झोपलेला नाही. आणि पाण्याच्या नळाला अर्थिंग बांधू देऊ नका. नळ कोण, कधी बदलेल याचा नेम नाही.

काही बांधव म्हणतील, मोठ्या मिलवाल्यांना हे परवडते. चार कामगारांच्या धंद्यात ठेकेदार, ड्रॉइंग, चाचणी, एवढे सोपस्कार कुठून आणायचे? मंदी आहे, सुताचे भाव वरखाली होतात, उधारी सहा-सहा महिने येत नाही. ही अडचण खोटी नाही. मी स्वतः त्याच अडचणीतला माणूस आहे. पण माझाच हिशोब मांडून दाखवतो. वाचवले ३७,०००. गेले १ लाख ६० हजार, आणि त्यावर १९ दिवसांचे काम. मोठी मिल असा फटका पचवते, छोट्याचा वर्षाचा नफा त्यात जातो. म्हणजे काटकसर म्हणून जे केले ते श्रीमंताला परवडणारे काम होते, गरिबाला नव्हे.

दुसरे म्हणणे असे की, जुन्या वायरमनला डावलून परक्याला काम देणे बरे दिसत नाही. यावर माझे उत्तर असे की त्याला डावलू नका. ठेकेदाराच्या हाताखाली त्याला उभे करा. आमच्याकडे दुसऱ्यांदा वायरिंग झाले तेव्हा चाचा पाच दिवस ठेकेदाराबरोबर होते. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना नंबर घातले, थिंबला दाबून बसवल्या, यंत्राजवळ गच्चीवर वेगळा आयसोलेटर बसवला, म्हणजे दुरुस्ती करणाऱ्याच्या नजरेसमोर वीज बंद राहते. तांब्याची ६ चौरस मिलिमीटरची केबल एकसंध टाकली, मधे कुठेही सांधा नाही. जोडणीचा नकाशा मराठीत लिहून, प्लास्टिकमध्ये घालून पॅनेलच्या दाराला आतून चिकटवला. तो नकाशा चाचांनीच काढला. शेवटच्या दिवशी ते मला म्हणाले, "शेठ, हे आधी दाखवले असते तर मी ती तार लावली असती का?" मी काय उत्तर देणार? नकाशा मागायला हवा होता मी, आणि घाई केली होती तीही मीच.

पैसे देण्यापूर्वी काय तपासावे, हेही सांगतो. बिलातले किमान १० टक्के हातात ठेवा आणि ठेकेदाराला तुमच्यासमोर हे करून दाखवायला सांगा. पाण्याचा पंप बंद करावा. यंत्र थांबले पाहिजे. एक फेज काढावी. यंत्र थांबले पाहिजे. सेन्सरची तार सोडावी. यंत्राने बिघाड दाखवला पाहिजे. अर्थ लीकेज ब्रेकरचे चाचणीबटण दाबावे. वीज तुटली पाहिजे. मुख्य वीज बंद करून लगेच सुरू करावी. कॉम्प्रेसरने तीन-एक मिनिटे थांबूनच सुरू झाले पाहिजे, कारण दाब उतरण्याआधी सुरू होणे त्याला मारक असते. शेवटी अर्थिंगचा आणि केबलच्या इन्सुलेशनचा मोजलेला आकडा कागदावर सही करून घ्यावा. एवढ्याला तासभर लागतो. हे सर्व ठेकेदारानेच करावे, आपण फक्त पाहावे. थान फाडून मोजल्याशिवाय आपण माल उतरवून घेत नाही, मग हे न मोजता का उतरवून घ्यावे? यंत्र वाढवल्यावर मंजूर वीजभारही महावितरणकडे वाढवून घ्यावा, हेही जाता जाता.

आपल्या धंद्यात या गोष्टीला दुसरी एक बाजू आहे. आपल्या शेडमध्ये हवेत सुताचे तंतू उडत असतात आणि ते प्रत्येक पॅनेलवर, केबलवर, सांध्यावर बसतात. इतर कारखान्यांत तापलेला सांधा यंत्र बंद पाडतो, आपल्याकडे तो आग लावू शकतो. १८ मे २०२५ रोजी आमच्याच सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जीव गेले. मालकाचे कुटुंब गेले, कामगार गेले, एक तान्हे लेकरूही गेले. प्राथमिक अंदाज शॉर्टसर्किटचा सांगितला गेला. त्या दिवसानंतर कोणत्याही कारखान्यात टेप गुंडाळलेला सांधा दिसला की माझे पाऊल तिथेच थांबते. आमच्या गच्चीवरचा सांधाही तापत होता. तो कॉम्प्रेसर जाळून थांबला, ही आमच्यावरची मेहेरबानी समजतो.

हीट पंप वाईट आहे, असा कोणी यातून अर्थ काढू नये. दुसऱ्या वायरिंगनंतर आमचे यंत्र नीट चालू आहे आणि हिशोबात धरलेली बचत देत आहे. हॉटेल, वसतिगृह, दवाखाना, दूध डेअरी, डाय हाऊस, जिथे रोज गरम पाणी लागते तिथे हे यंत्र कामाचे आहे. इथून पुढे ते वाढणारच. म्हणूनच सवय सुरुवातीलाच चांगली लागावी असे वाटते.

कोटेशनच्या शेवटची ती बारीक ओळ आधी वाचा. ग्राहकाने करावयाची, असे तिथे लिहिले असेल तर तो ग्राहक म्हणजे तुम्ही आहात. यंत्रापासून पॅनेलपर्यंतची प्रत्येक तार कोण टाकणार, कोण जोडणार, कोण तपासणार, हे तीन रकान्यांत लिहून तिघांच्या सह्या घ्या. कागद एक पानाचाच होतो. आणि यंत्र बंद पडून ऑर्डर अडकली, पार्टीचा फोन वाजू लागला, तरी वायरमनला "काहीही करा" हे दोन शब्द कधी म्हणू नका. तो बिचारा आपला मान ठेवून खरोखर काहीही करतो. ज्या मुलाचा हात त्या पत्र्याला लागला, तो आजही आमच्याकडे कामाला आहे. गच्चीवर चढताना तो यंत्रापासून हातभर लांबून जातो. त्याला सांगून झाले की आता अर्थिंग पक्के आहे. तो मान हलवतो आणि तरीही लांबूनच जातो.